पहिलं नाव

लग्नात सत्काराची नावं पुकारणाऱ्या भिवाजीच्या हातातला माइक हैबतरावांनी हिसकावला आणि तोच त्याच्या तोंडावर हाणला. तो आवाज दोन्ही स्पीकरमधून लॉनभर घुमला. भिवाजीचा पुढचा दात फेट्यांच्या ताटात जाऊन पडला. लगेच दुसरा फटका, मग तिसरा. चौघांनी कमरेला मिठी घातली तेव्हा कुठे हैबतराव मागे हटले.

"नाव दुसरं घेतलं ना," लोक म्हणाले. "पयलं घ्याय पायजे व्हतं."

माण गावाला यात नवीन काही नव्हतं. लग्न म्हटलं की अक्षतांच्या आधी सत्कार आला, माइकवरून नावं आली, फेटा-नारळ आला. हैबतराव तर जुन्या जमीनदार घरातले, त्यांचं नाव वगळायची छाती कुणाची? आणि नाव घेतलं की मारामारी ठरलेली. एकदा त्यांनी सत्काराचा नारळ सत्कार करणाऱ्याच्याच कपाळावर फोडला. एकदा स्टेजच्या पायरीवरून नवरदेवाच्या बापालाच खाली लोटलं, त्याचा हात मोडला. गावाला वाटलं, माणूस मानाचा भुकेला आहे. म्हणून भिवाजीने त्यांचं नाव बाराव्यावरून पाचवं केलं, पाचव्यावरून दुसरं. जितकं नाव वर गेलं तितका मार वाढला. आता बोला!

मारून झालं की हैबतराव न जेवता गाडीत जाऊन बसायचे. त्या दिवशी शुभांगी, त्यांची एकुलती एक लेक, मागोमाग गेली. बापाचा सदरा घामाने पिळून काढण्याजोगा झाला होता. तरी गाडीच्या सगळ्या काचा त्यांनी वर चढवून घेतल्या होत्या.

"आप्पा, चार महिन्यांनी माझं लग्न आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमचा हात उठला, तर अक्षता पडल्यावर मी मागं वळून बघणार नाही. तुम्हाला लेक नव्हती असं समजायचं."

हैबतरावांनी गाडीची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. मग म्हणाले, "काय करू, त्ये तरी सांग."

ती त्यांना बावधनला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. हैबतरावांनी तिला बाहेरच बसवलं. दोन वाक्यांच्या वर न बोलणारा माणूस आत तासभर होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल आणि हातात घडी घातलेली चिठ्ठी.

"रागाची गोळी दिली का?"

"दिली," हैबतराव म्हणाले. तेवढंच.

पहिली गोळी मुळीच मानवली नाही. भर दुपारी जेवताजेवता ताटावर डुलक्या येऊ लागल्या. पाचव्या दिवशी त्यांनी ताट भिंतीवर भिरकावलं आणि लाथ घालून गोठ्याचं दार बिजागरीतून उचकटलं. शुभांगीने फोन लावला, डॉक्टरांनी गोळी बदलली. दुसरी मानवली, पण तिलाही महिना लागला.

मग एके दिवशी हैबतराव एकटेच पौडला गेले आणि तहसील कचेरीत रांगेत उभे राहून सातबारा घेऊन आले. नाक्यावरच्या हॉटेलात, चारचौघांत बसून चहा प्यायले. एरवी कचेरीच्या कामाला ते कायम दुसऱ्याला पाठवायचे आणि हॉटेलाची पायरी चढायचे नाहीत. गावात कुजबूज झाली, "गोळीनं वाघाची शेळी केली, राव!"

शुभांगीच्या लग्नात माइक धरायला कुणी तयार होईना. शेवटी हैबतराव स्वतः भिवाजीच्या दारात गेले आणि हात जोडून म्हणाले, "ये." भिवाजी आला. नाही म्हणायची भीती जास्त होती, म्हणून आला.

लॉनवर हजार-दीड हजार माणूस. मुंडावळ्या बांधलेली शुभांगी नवऱ्याकडे बघत नव्हती, बापाच्या हातांकडे बघत होती. भिवाजीने या खेपेला चूक करायची नाही असं ठरवलं होतं. गणपतीचंही नाव घ्यायच्या आधी तो ओरडला, "सर्वप्रथम, वधूपिता हैबतराव!"

हजार माना वळल्या. हैबतराव उठले. नवाकोरा सदरा पाठीला चिकटला होता. एक पायरी चढले, दुसरी चढले, भिवाजीसमोर आले आणि त्यांनी माइकसाठी हात पुढे केला.

भिवाजीचा धीर सुटला. त्याने माइकचा लोखंडी स्टँड उचलला आणि डोळे मिटून फिरवला.

हैबतरावांचं कपाळ फाटलं. रक्त डोळ्यावरून सदऱ्यावर आलं. बायका किंचाळल्या. दोन्हीकडच्या पैलवानांनी बाह्या सारल्या, खुर्च्या उडाल्या, एकाचं डोकं फुटलं. "आज मुडदा पडतोय!" कुणीतरी ओरडलं. भिवाजी दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसला. शुभांगीने डोळे घट्ट मिटले.

हैबतराव वाकले. स्टँड पायाशीच पडला होता. त्यांनी तो बाजूला सारला आणि माइक उचलला.

"भिवाजी, ऊठ. तुजं कदीच काय चुकलं न्हाई." आवाज स्पीकरमधून सगळीकडे जात होता. उगारलेल्या खुर्च्या तशाच राहिल्या. "मला नाव पयलं नको व्हतं. मला नावच नको व्हतं. येवढी माणसं माज्याकडं बघाय लागली की मला लई भ्या वाटतं. हात उगारला की समदी माना खाली घालत्यात, म्हून मारत आलो." त्यांनी डोळ्यावरचं रक्त पुसलं आणि लेकीकडे वळले. "पोरी, गोळी रागाची न्हवती. भ्याची व्हती."

लॉनवर एकेक मान खाली जाऊ लागली.

"न्हाई, न्हाई," हैबतराव म्हणाले. "माना वर करा. बघा आता, किती बघायचं त्ये."