खारपाणपट्ट्यातला समुद्र

मी समुद्र अजून पाहिलेला नाही, पण लाटांपासून वीज करणारं यंत्र बनवलंय! अकोल्याच्या विज्ञान प्रदर्शनात टबातलं पाणी हलवलं, डबा लाटांवर डुलला, इवला दिवा लागला आणि मला भर हॉलमध्ये किनारा दिसायला लागला. निवड झाली तर पुढचं प्रदर्शन खरंच समुद्राकाठी होतं.

कोकणातले परीक्षक हसले. "बाळ, समुद्र खारा असतो. हे महिन्यात गंजेल."

"सर, चाखा नं. वर्षभर याच पाण्यात आहे."

त्यांनी बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं. "मीठ किती घातलंस?"

"चिमूटभरही नाही. आमच्या विहिरीचं पाणी आहे."

त्यांनी माझं नाव लिहून घेतलं.

त्या पाण्याला जन्मभर शिव्या देणारे माझे बाबा पुढे सरकले. "सायेब, अजून लागलं तं सांगजा. इहीर भरून हाये."