कुरळा दोरा

"तुझी लेक? छे गं, आज इकडे फिरकलीच नाही," म्हणत वन्संनी तिला आत घेतलं आणि दाराला कडी घातली. मग खुर्चीत टेकून त्या पुन्हा क्रोशाने विणू लागल्या. लाल, पिवळं, निळं कडं अर्धं झालं होतं. सकाळी तिने लेकीच्या मनगटाला अस्संच बांधलं होतं. रंग काय, कुणालाही सुचतात, तिने मनाची समजूत घातली. तेवढ्यात वन्संच्या मांडीवरच्या दोऱ्याकडे तिचं लक्ष गेलं. नवा दोरा सरळ असतो. हा कुरळा होता, विणलेलं उसवल्यावर राहतो तसा. टोकाला तिचीच दुहेरी गाठ होती, दातांनी आवळलेली. कुणी ती सोडली नव्हती, शेजारून कात्री चालवली होती. "वन्सं, हा दोरा..." "तिला घट्ट होत होतं," वन्सं गोड हसल्या. "आता तुझा हात दे बघू, माप घेते."