अंतराळातला पाहुणा

हिसानोरीने डावीकडचं बटण दाबलं. मग मधलं. मग तिन्ही एकदम. पडद्यावर पिल्लू पाळायच्या त्या अंड्याएवढ्या खेळण्यात फक्त एक चांदणी लुकलुकत राहिली. तीन डोळ्यांचा, काचेचं शिरस्त्राण घातलेला तो चिमुकला जीव आपल्या ग्रहावर परत गेला होता. या खेळण्यात मरण असंच दाखवत.

"तुमच्या खिशात मघापासून काहीतरी चिवचिवत होतं," शेजारच्या सीटवरची म्हातारी म्हणाली. "गाढ झोपला होतात, म्हणून उठवलं नाही हो."

गाडी सेंदाई स्टेशनात शिरत होती.

घटस्फोट झाला आणि त्याची मुलगी कोतोने आईबरोबर सेंदाईला निघाली, तेव्हा तिने हे खेळणं त्याच्या मुठीत कोंबलं होतं. "बाबा, तू सांभाळ." एवढंच म्हणाली. आई मागून बोललीच, "त्याला स्वतःला सांभाळता येत नाही, तो काय सांभाळणार!"

तेव्हापासून मासळीच्या कारखान्यात बांगडे कापता कापता तो हातमोजे काढून संडासात पळायचा. त्या जिवाला भरवायचा, त्याची घाण काढायचा. "काय रे, पाळणाघर काढलंस का?" मुकादम सगळ्यांदेखत विचारायचा. हिसानोरी खाली मान घालून हसायचा. खेळण्यातल्या अंड्यातून साधी पिल्लं सगळ्यांकडेच होतात. काळजीत जराही कसूर झाली नाही, तरच म्हणे तो तीन डोळ्यांचा अंतराळातला पाहुणा येतो. तो आला त्या दिवशी हिसानोरी संडासातच रडला. आता कोतोनेला दाखवायचं. मग तिची आई काहीही म्हणो.

आणि भेटीच्या आनंदात रात्रभर टक्क जागा राहिलेला तो नेमका गाडीत झोपला.

स्टेशनसमोरच्या खेळण्यांच्या दुकानात तो धावतच शिरला. "अंतराळातला द्या. असाच. आत्ता!"

दुकानदारीण हसली. "अहो, तो विकत कुठे मिळतो? तो वाढवावा लागतो."

कोतोने मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या उपाहारगृहात बसली होती. आई तिला सोडून खाली गेली होती. हिसानोरी समोर बसला आणि टेबलाला कपाळ टेकेल इतका वाकला.

"कोतोने, मला माफ कर. तो गेला. अंतराळातला पाहुणा आला होता, खरंच आला होता गं. मी झोपलो. तुझं एवढंसं काम, तेही मला..."

कोतोनेने खेळणं हातात घेतलं, उलटं केलं. "मेला? माझ्याकडे तर सारखे मरायचे. दोन बटणं दाबली की नवीन अंडं येतं." तिने दाबलीही. मग तिचं लक्ष त्याच्या वाळलेल्या मानेभोवती ढगळ झालेल्या कॉलरकडे गेलं.

"म्हणजे तू फक्त त्यालाच भरवत होतास?" तिचा आवाज चिरकला. "बाबा, त्याला भूक लागली की तो ओरडतो. तेव्हा तुला पण जेवायची आठवण होईल, म्हणून दिला होता मी तो."