चिमणीमार्फत

चिमणीची रिक्षा वळणाआड गेली आणि तिच्या आईने आत येऊन कपाटावरची बॅग खाली काढली. लेक वसतिगृहात गेली की आपण बहिणीकडे जायचं, ते कायमचं, हे तिने केव्हाच ठरवलं होतं.

नवऱ्याशी अबोला धरला तेव्हा चिमणी चौथीत होती. कारण क्षुल्लकच असणार, आता आईलाही धड आठवत नव्हतं. तेव्हापासून सगळं बोलणं चिमणीमार्फत. पोर बिचारी या खोलीतून त्या खोलीत हेलपाटे घालायची. शेजारणी म्हणत, लेकीमुळे घर टिकलंय. लेकीला आपल्या बाजूला ओढायला दोघांत नुसती चढाओढ. आईने ड्रेस शिवला की बापाने सायकल आणलीच म्हणून समजा.

निरोप मात्र झोंबणारे. चिमणी आधी गळ्यात पडे, मग हळूच सांगे. तू शिवलेला शर्ट घालायची बाबांना लाज वाटते. तुझ्या बहिणीला बाबा दारातही उभं करणार नाहीत. असल्या माणसापायी आयुष्य फुकट गेलं, याचा आईला मनस्वी संताप होता.

बॅग निम्मी भरली होती, तेवढ्यात मोरीत काहीतरी फाटकन उडालं. नळाचं तोंडच निखळलं होतं. नवरा दोन्ही हातांनी पाइप दाबून उभा होता, नखशिखांत भिजलेला. जन्मभर मनगटी घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, त्याचं पाण्यापुढे काय चालणार! त्याने सवयीने दाराकडे पाहिलं. निरोप न्यायला कुणी नव्हतं.

भिजू दे मेल्याला, असं तिला वाटलं. पण पाणी गिऱ्हाइकांच्या शिवायला आलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्याकडे निघालं, तेव्हा तिला हलावंच लागलं. टाकीची तोटी गंजून बसली होती, फिरेना. तिने प्लंबरला फोन लावला. तो म्हणाला, येतो अर्ध्या तासात. म्हणजे तासाची निश्चिंती.

मग नवरा पाइप दाबून आणि ती बादल्या ओतत, असं सुरू झालं. तो हात सोडू शकत नव्हता आणि ती मोरी सोडू शकत नव्हती. मध्येच त्याने पायाने फडकं तिच्याकडे सरकवलं. तिने ते घेतलं, पण तोंड वाकडं करून. प्लंबर आला की उरलेली बॅग भरायची आणि निघायचं.

प्लंबरची वाट बघता बघता फोन वाजला. चिमणीचा होता. आईने ओल्या हातानेच तो उचलून कानाला लावला.

"आई, चिडू नकोस हं," चिमणी मऊ आवाजात म्हणाली. "बाबांचा आत्ताच फोन आला होता. म्हणाले, आईला सांग, तुझं तोंड बघायचीही आता इच्छा नाही."

आईने मान वर केली. नवरा समोरच होता, दोन्ही हातांनी पाइप दाबून, तिच्याकडेच बघत.