नवं क्रीम

कुरुंदवाडचे पाहुणे नंदिनीला बघायला आले आणि चहालाही न थांबता परतले. सकाळी लावलेल्या गोरं करणाऱ्या क्रीमनं तिचा चेहरा सुजून लाल झाला होता. दर वेळची मोरपंखी साडी अजून अंगावरच होती. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी कालिंदीआत्या तिच्या गालांवर गार पाण्याच्या घड्या ठेवत होती.

“यात पारा असतो, बाई! कुठलंही क्रीम आधी कानामागं लावून बघायचं, एवढं शिकवलं होतं की तुला.”

“बघितलं होतं की, आत्या. परवाच. लई आग झाली.”

आत्याचा हात थांबला. “आणि तरी तोंडाला फासलंस?”

नंदिनीनं डोळे मिटून घेतले. “आता महिनाभर तरी कुणी बघायला येणार न्हाय.”