गवताची गाठ

"हे वांग्याचं शेत मघाशीच बघितलं ना आपण?" फिलिमोनेनं विचारलं, तर आकानिसीमावशी हसायलाच लागली.

"मघाचं माझं होतं रे, साहेबा. हे माझ्या दिराचं, तानिएलाचं. मध्ये नदी नाही का ओलांडलीस?"

ओलांडली होती, ते खरं. पण सिंगातोका नदी वरच्या अंगाला अशी काही वळवळते की फिलिमोनेला दिशाच कळेना. होडीत बसताना ऊन डाव्या गालावर, उतरताना उजव्या. वांगी तीच, लांबट जांभळी. बुजगावणंही तेच, विटका पिवळा शर्ट घातलेलं. आणि मघाच्या शेतात त्यानं कीड दिसली म्हणून पहिल्या ओळीतल्या झाडांची खालची पानं खुडली होती ना, तर इथेही पहिल्या ओळीची खालची पानं खुडलेली.

शेतकी खात्यात लागून त्याला तीनच आठवडे झाले होते. काम सोपं होतं. गावात चार जणांचे चार वेगळे मळे असले तर पाण्याचा पंप इथे, नाहीतर खालच्या गावाला. पंप एकच. मागच्या कोरड्या हंगामात इथली माणसं डब्यांनी पाणी वाहून पार वाकली होती, हे त्याला माहीत होतं. पण निघताना वरिष्ठ म्हणाले होते, "डोळे उघडे ठेव. एकच मळा फिरवून फिरवून दाखवतात लोक."

मावशी नारळ सोलायला वळली, तशी त्यानं पटकन गवताची लांब काडी उपटली आणि बुजगावण्याच्या डाव्या मनगटाला गाठ मारली.

होडी सुटली तशा काठावरच्या बायका पलीकडे बघून ओरडायला लागल्या. पलीकडून कुणीतरी ओ दिली. इथली बोली फिलिमोनेला निम्मीच कळायची. तो पडला रेवाकडचा, पार दुसऱ्या टोकाचा.

"काय म्हणतायत?"

"बायका आहेत," नावाडी इसोआ म्हणाला. "गप्प बसल्या तर काळजी करायची."

पलीकडे आधी जेवण. उकडलेला कसावा, मासे, नारळाच्या दुधातली अळूची पानं, मग यांगोनाच्या मुळीच्या, जीभ बधिर करणाऱ्या पेयाचे दोन वाडगे. कुणाला म्हणून घाई नाही. मग एकदाचं शेत. पिवळा शर्ट. डाव्या मनगटावर गवताची गाठ.

"हा मळा कुणाचा?" त्यानं विचारलं.

"माझा," एक बोळका म्हातारा म्हणाला. "एवढा देखणा मळा आणखी कुणाचा असणार?"

सगळे हसले. फिलिमोनेला हसू येईना. या माणसांनी त्याला चांगली चटई दिली होती, माशाचा मधला तुकडा दिला होता. मग हे असं का? की आपलंच काही चुकतंय? यांगोना चढला की काय?

पुन्हा होडी, पुन्हा दोन वळणं, चौथा मळा. पिवळा शर्ट. डाव्या मनगटावर गाठ, फक्त जरा सैल. मघापासून वाऱ्यानं सैल झाली असणार.

टेकडीवर फोन लागायचा, तिथे तो चढला. मग त्यानं लिहिलं, "एकच मळा आहे. पंप खालच्या गावाला द्या."

लगेच उत्तर आलं. "शाबास. ट्रक निघाला."

खाली मावशीनं वांग्यांची पिशवी बांधून ठेवलेली. "पंप आला की पुन्हा ये," ती म्हणाली. त्यानं पिशवी घेतली, तिच्याकडे बघितलं नाही.

परतीला इसोआनं होडी मधल्या धारेला घातली. मोठं वळण सरलं आणि दोन्ही काठ एकदम समोर आले. डावीकडे एक पिवळा शर्ट. त्याच्यापुढे दुसरा. उजवीकडे तीन. लांब उतारावर आणखी. सगळे एकाच वेळी, आपापल्या वांग्यांत हात पसरून उभे.

"इसोआ," त्यानं काठाकडे बोट केलं. "ते शर्ट?"

"आमच्या रग्बीच्या संघाचे. संघ मोडला, पंधरा शर्ट उरले. साळुंक्या घाबरतात." इसोआनं वल्हं दुसऱ्या हातात घेतलं. "बरं साहेब, तुम्ही पानं खुडलीत तशी सगळ्यांनी खुडली, गाठ मारलीत तशी गाठही मारली. पण ती गाठ नेमकी कुठल्या किडीवर असते हो?"