सुताराचं काय झालं

"काही दिसत नाही," संगणकाच्या पडद्याकडे बघत डॉक्टरबाई म्हणाल्या.

सुताराने घसा साफ केला. "काही दिसत नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. गाठ गेली." त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. "कायमची गेली असं मी म्हणणार नाही. तपासणीला येत राहायचं. पण आज तुमचं फुप्फुस स्वच्छ आहे. हे औषध इतकं लागू पडलेलं मी फार थोड्यांना पाहिलंय."

बाहेर येऊन त्याने आधी भिंतीला पाठ टेकली. मग घरी फोन लावला. बायको सकाळपासून फोन हातात धरूनच बसली असणार. पलीकडे रिंग वाजायला लागली आणि समोरच्या बाकावरून कंडक्टरची बायको उठली.

त्याने फोन कट केला.

हिवाळाभर कंडक्टर आणि तो शेजारशेजारच्या खुर्च्यांत बसून हेच औषध घेत होते. हाताला नळी लागली की कंडक्टर ओरडायचा, "चला, डबल बेल!" नर्स हसून बेजार व्हायच्या. मग दोघांचे रिपोर्ट एकाच दिवशी आले. सुताराची गाठ आक्रसली होती, कंडक्टरची वाढली होती. तेव्हा सुताराच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की बरं झालं, मी नाही. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. पुढच्या तपासणीचा वार मात्र बदलून घेतला होता.

"भाऊजी, बरं झालं सापडलात. यांना इथेच वॉर्डात ठेवलंय, मी तुमच्यासाठीच बसलेय. काय म्हणाल्या बाई?"

ती वाळून अर्धी झाली होती. सुताराच्या शर्टाची बटणं पोटावर पुन्हा ताणायला लागली होती. त्याने खांदे पाडले. एक हात भिंतीला लावला.

"चाललंय," तो बारीक आवाजात म्हणाला. "तसा काही फरक नाही."

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, ठीक केलं. हिच्यापुढे काय आनंद मिरवायचा.

"अगोबाई!" तिने त्याची पिशवी ओढून स्वतःच्या खांद्याला लावली, त्याच्या कोपराखाली हात दिला. "लिफ्ट पण आजच मेली बंद पडायची होती. चला, फाटकापर्यंत सोडते. सावकाश उतरा."

प्रत्येक वळणावर ती थांबायची. "टेकता का जरा?" तो टेकायचा. एकदा खोकलासुद्धा. खिशात फोन वाजत होता.

"घ्या ना, घरून असेल."

"करतो नंतर."

फाटकापाशी तिने पिशवी त्याच्या हातात दिली.

"तुम्ही वर जा, वहिनी. ते वॉर्डात एकटे असतील."

ती जागची हलली नाही. "दुपारी डॉक्टर विचारायला येणार आहेत यांना. आणखी एक नवं औषध निघालंय, देऊन बघू म्हणतात. हे नको म्हणून बसलेत. पुरे झाल्या उलट्या, मला घरी ने, असं चाललंय यांचं. पण कालपासून एकच पालुपद लावलंय, सुताराचं काय झालं ते बघून ये. म्हणतात, औषध एकच, खुर्च्या शेजारच्या. त्याला लागू पडलं असेल तर या औषधांत दम आहे. आपली गाडी लेट आहे एवढंच. मग घेऊ पुढचं."

सुतार पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिला.

"आता जाऊन काय सांगू? बरे आहेत म्हणून ठोकून दिलं असतं, पण मला मेलीला खोटं बोलताच येत नाही. तोंडावर दिसतं." तिने उसासा टाकला. "जपा, भाऊजी. जेवण जात नसलं तरी थोडं थोडं खात चला."

ती वळून जिन्याकडे गेली. तो तिच्या पाठीकडे बघत उभा राहिला. फोन पुन्हा वाजला. या वेळी त्याने घेतला.

"अहो, जीव टांगणीला लागलाय इथे! काय म्हणाल्या?"

"गेली," तो म्हणाला. "गाठ गेली."

तिकडे बायको रडतेय की हसतेय, त्याला कळेना.

"थांब जरा," तो म्हणाला. "एकीला सांगायचं राहिलंय."

पिशवी पहारेकऱ्याच्या स्टुलापाशी टाकून तो पळत सुटला. एक पायरी सोडून एक. वरून उतरणारी माणसं घाबरून बाजूला होत होती. कुणाचं काय झालं, असं कुणीतरी विचारलंसुद्धा. कंडक्टरची बायको अगदी वरच्या वळणावर कठड्याला धरून दम खात होती.

"वहिनी!"

ती वळली. डोळे पुसायला तिला वेळ मिळाला नाही.

"मी खाली जे..."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो कशाचाही आधार न घेता सरळ उभा होता. त्याला साधी धापही लागली नव्हती. तिची नजर त्याच्या छातीवर बराच वेळ राहिली.

"खालपासून पळत आलात?"

त्याने मान खाली घातली.

तिने तळहातांनी तोंड पुसलं, आणि मग कठड्याकडे सरकून त्याला जिना मोकळा करून दिला.

"उजव्या हाताला, खिडकीजवळची खाट," ती म्हणाली. "असेच पळत शिरा. मी येते मागून सावकाश."